बदलीची भीती, खोटा मृत्यू आणि न फुटणारा बॉम्ब

दोन तरुण लेखकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबर १९७१च्या ब्लॅकआउटमध्ये गिरगावातल्या एका चाळीत घडणारी विनोदी मालिका ते लिहीत आहेत. तयारी म्हणून त्यांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या, युद्धकाळावरच्या जुन्या विनोदी मालिका लागोपाठ पाहिल्या आणि सगळीकडे त्यांना तेच ते दिसलं. कोणाला तरी लपवलेलं आहे, कोणी तरी सोंग घेतलंय, वरून साहेब तपासणीला आलाय, सुटकेचा बेत शिजतोय, आणि भाग संपताना सगळे पुन्हा होते तिथेच. हा लेखकांचा आळस आहे का? या युक्त्या आपण टाळाव्यात का?

टाळू नका. पण प्रत्येक युक्ती कोणत्या अडचणीतून निघाली ते कळल्याशिवाय उचलूही नका. मी मराठी वाहिन्यांसाठी विनोदी मालिका लिहीत आले आहे, आठवड्याच्याही आणि रोजच्याही, आणि पटकथेच्या वर्गात याच जुन्या मालिका मुलांपुढे भागवार उलगडून ठेवते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

विनोदी मालिकेची पहिली गरज म्हणजे सगळी माणसं पुढच्या आठवड्यात जागेवर हवीत. तोच कट्टा, तेच टेबल, तीच भांडणं. युद्ध याच्या नेमकं उलट वागतं. ते माणसं हलवतं, विखुरतं, मारतं. लेखकाला मात्र दोन्ही हवं असतं. मरणाची भीती खरी वाटली पाहिजे, नाहीतर युद्धाचा काळ घेतलाच कशाला? आणि कोणी मरताही कामा नये, नाहीतर पुढचा भाग लिहिणार कसा? म्हणजे मरणाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवायचं. आत घ्यायचं नाही आणि घालवूनही द्यायचं नाही. या कात्रीतून निघणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत. लेखकांनी एकमेकांचं पाहून घेतलं असेलही, पण या युक्त्या टिकल्या त्या या कात्रीमुळे.

सगळ्यांत भक्कम युक्तीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या चाळीला तिचीच सर्वाधिक गरज आहे. 'होगन्स हीरोज' ही अमेरिकेतल्या सीबीएसवर १९६५ ते १९७१ या काळात चाललेली १६८ भागांची मालिका. जर्मनीतली युद्धकैद्यांची छावणी, स्टालाग १३. कैद्यांचा म्होरक्या कर्नल होगन बराकीखाली भुयारं खणून हेरगिरी आणि घातपाताचा अख्खा कारभार चालवतो. छावणीचा मुख्य कर्नल क्लिंक याला एकाच गोष्टीचा अभिमान: आपल्या छावणीतून आजवर एकही कैदी पळालेला नाही. आता गंमत पाहा. हा विक्रम राखतो कोण? होगन. कारण विक्रम मोडला तर क्लिंकची उचलबांगडी होईल, त्याच्या जागी कोणी हुशार अधिकारी येईल आणि भुयारांचा धंदा बसेल. उलट बाजूला क्लिंकलाही खूप काही न पाहिलेलं बरं, कारण गडबड उघडकीला आली तर जनरल बुर्कहाल्टर त्याला रशियाच्या आघाडीवर धाडेल. पहारेकरी शुल्ट्झ तर सगळंच पाहतो आणि 'मला काही माहीत नाही' म्हणत तोंड फिरवतो. त्यालाही तीच भीती, शिवाय फ्रेंच कैदी लबो त्याला स्ट्रूडेल खाऊ घालतो ते वेगळंच.

इथे खरा शत्रू पडद्यावर नाही. तो दूर पूर्वेला आहे, बर्फात आहे, आणि त्याची भीती पहारेकरी व कैदी यांना एका बाजूला आणते. ज्यांनी एकमेकांना मारायचं तेच एकमेकांना जागेवर ठेवण्यासाठी धडपडतात. मालिकेला जी स्थिरता हवी होती ती लेखकांनी बाहेरून लादलेली नाही; पात्रांनाच ती हवी आहे. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं जैसे थे होतं तेव्हा प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटत नाही. मला ही युक्ती या सगळ्या प्रकारातली सर्वांत मोठी कारागिरी वाटते. भुयाराची तोंडं, कुत्र्याच्या खोपट्याखालचा रस्ता, क्लिंकच्या खोलीतलं बोलणं ऐकवणारी कॉफीची किटली, हे सगळं तिच्या जिवावर उभं आहे.

या मालिकेवर आक्षेपही मोठा आहे आणि तो झटकून टाकू नये. नाझी छावणीवर हसायचं? पण युद्धकैद्यांची छावणी आणि संहारछावणी या वेगळ्या गोष्टी होत्या, आणि मालिकेने पहिलीचीच हद्द पाळली. शिवाय ती उभी करणारी माणसं कोण होती ते पाहा. क्लिंक झालेले वेर्नर क्लेम्पेरर, शुल्ट्झ झालेले जॉन बॅनर, बुर्कहाल्टर झालेले लिऑन अ‍ॅस्किन हे तिघेही नाझींमुळे मायदेश सोडावा लागलेले ज्यू कलावंत. लबोची भूमिका करणारे रॉबेर क्लारी स्वतः बुखनवाल्डच्या नाझी छळछावणीतून जिवंत सुटलेले. त्यांच्या घरातली बहुतेक माणसं छळछावण्यांत गेली. क्लेम्पेरर यांची अट होती की क्लिंक कधीही शहाणा ठरता कामा नये, कधीही जिंकता कामा नये. ही अट नैतिक होती, पण पटकथेच्या अंगानेही ती अचूक होती. क्लिंक एकदा जरी जिंकला असता तरी रशियन आघाडीची भीती सैल पडली असती.

हीच युक्ती नाशिकजवळच्या देवळालीतही वापरली गेली, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. बीबीसीची 'इट एन्ट हाफ हॉट, मम' ही १९७४ ते १९८१ मधली ५६ भागांची मालिका महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांतल्या देवळालीत सुरू होते. ब्रिटिश तोफखान्याचं मनोरंजन पथक तिथे नाचगाण्याचे कार्यक्रम करतं. सार्जंट मेजर विल्यम्सला ही रंगभूषा केलेली पोरं डोळ्यांसमोर नकोत. त्यांना जंगलात, लढाईवर पाठवायचं हा त्याचा एकच ध्यास. आणि त्याच्या डोक्यावरचे कर्नल व कॅप्टन पथकाला पाठीशी घालतात, कारण पथक गेलं तर आपलंही इथलं सुखाचं आयुष्य संपेल. रशियाचा बर्फ गेला, ब्रह्मदेशाचं जंगल आलं; रचना तीच. मालिकेचे एक लेखक जिमी पेरी स्वतः देवळालीला अशाच पथकात होते, त्यामुळे तंबू, चहा, उकाडा, कंटाळा यांचे तपशील बारकाईने आले आहेत.

पण ही मालिका पाहताना मला राग येतो आणि तो मी वर्गात लपवत नाही. निवेदन करणारा रंगी राम हा भारतीय नोकर. त्याचं काम होतं मायकेल बेट्स या गोऱ्या नटाकडे, चेहरा रंगवून. तो भागाच्या शेवटी एखादी 'जुनी हिंदू म्हण' सांगतो आणि स्वतःला ब्रिटिशांतच मोजतो. चहावाला, पंखा ओढणारा, आणि मागे देखावा म्हणून उरलेला देश. देवळाली ज्या मुलखात आहे तिथली माणसं त्या काळात काय करत होती? मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे जुलै १९४४मध्ये इटलीत लढताना पडले, आणि त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून पाठीवर वाहून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यातलं काहीच मालिकेच्या कानावर गेलेलं नाही. स्थानिक माणसाने प्रेक्षकाकडे वळून गोष्ट सांगायची ही युक्ती चांगली आहे, पण त्याला स्वतःची गरज, स्वतःची भीती न देता फक्त शहाणपणाचे तुकडे दिले की तो माणूस उरत नाही. तुमच्या चाळीत गुरखा असेल, दूधवाला भैया असेल, इराण्याच्या हॉटेलातला पोऱ्या असेल, तर त्यांना आधी काहीतरी गमवायला द्या, मग विनोद द्या.

आता सुटकेचे बेत. 'मॅश' ही कोरियन युद्धातल्या फिरत्या शस्त्रक्रिया-रुग्णालयावरची मालिका, १९७२ ते १९८३. तिच्यातला क्लिंगर वेडा ठरून घरी जायला मिळावं म्हणून बायकांचे कपडे घालून हिंडतो. कधी हँग-ग्लायडरवरून उडून जाऊ पाहतो, कधी ध्वजाच्या खांबावर जाऊन बसतो, कधी अख्खी जीप खाऊन दाखवायला निघतो. आपल्या रंगभूमीवर पुरुषाने लुगडं नेसून हशा मिळवण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे मराठी लेखकाला हे पात्र ओळखीचं वाटतं आणि तिथेच तो घसरतो. क्लिंगरचा विनोद कपड्यांतला नाही. छावणीत कोणालाही तो वेडा वाटत नाही. कर्नलला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि वेडाचं हे नाटक करणारा माणूस पहारा, ओझी, जखमी उचलणं सगळं चोख करतो. सोंग फसणार हे सगळ्यांना माहीत असूनही तो रोज सकाळी नवा पोशाख चढवतो, ही त्याची युद्धाविरुद्धची रोजची तक्रार आहे. पुढे लेखकांनी त्याला कारकुनाच्या खुर्चीत बसवून ते कपडे हळूहळू बाजूला ठेवले. आणि शेवटच्या भागात, युद्ध संपून सगळे घरी निघालेले असताना, सुटकेसाठी सगळ्यांत जास्त धडपडलेला क्लिंगरच कोरियात राहतो, कारण ज्या मुलीशी त्याने लग्न केलंय तिचे आईवडील अजून सापडलेले नाहीत. इतक्या वर्षांची युक्ती एका वळणात उलटी करणं म्हणजे काय, ते इथे शिकावं.

हीच युक्ती 'ब्लॅकअ‍ॅडर गोज फोर्थ'मध्ये वेगळ्या टोकाला नेली आहे. १९८९ची, अवघ्या सहा भागांची ही मालिका पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत घडते. कॅप्टन ब्लॅकअ‍ॅडर प्रत्येक भागात खंदकातून बाहेर पडण्याचा नवा रस्ता शोधतो: कधी चित्रकार म्हणून, कधी वैमानिक म्हणून. शेवटच्या भागात तो डोक्यावर चड्डी आणि नाकात पेन्सिली खुपसून वेड लागल्याचं सोंग आणतो, आणि जनरल मेल्चेट सहज बोलून जातात की हे सोंग त्यांनी पूर्वी पाहिलं होतं व ते करणाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. पाच भाग प्रेक्षक ज्या युक्तीवर हसला तीच आता बंद होते. त्यानंतर ते सगळे खंदक चढून मरणाच्या तोंडी जातात. मालिका सहाच भागांची असल्यामुळे हे शक्य झालं. उंबरा ओलांडायचा तर लेखकाला आधी माहीत हवं की पुढचा भाग लिहायचा नाही.

खोट्या मृत्यूची युक्ती याच घराण्यातली. 'अलो अलो' या बीबीसीच्या मालिकेत फ्रान्समधल्या नूव्हियाँ गावातला कॅफेमालक रने याला जर्मन गोळ्या घालतात. ती शिक्षा खोटीच ठरते, पण गावासाठी तो मेला. मग तो स्वतःचाच जुळा भाऊ म्हणून परत येतो, कॅफे आता बायकोच्या नावावर, आणि आपल्याच बायकोशी त्याला नव्याने सूत जमवावं लागतं. फार्समध्ये हे सोपं वाटतं. पण युद्ध नसतं तर या प्रसंगाला आधारच नव्हता. ज्या गावात रोज खरोखर माणसं नाहीशी होतात तिथेच कागदावर मेलेला माणूस उघडपणे चहा पिऊ शकतो.

'मॅश'मध्ये याचं उलटं रूप आहे: नसलेला माणूस जन्माला घालणं. १९७३च्या एका भागात हॉकाय आणि ट्रॅपर हे डॉक्टर अनाथालयाला सामान मिळावं म्हणून कागदोपत्री कॅप्टन टटल नावाचा अधिकारी तयार करतात. त्याचा पगार निघतो, लोक आपण त्याला ओळखतो असं सांगू लागतात, जनरल त्याला पदक द्यायला येतो. मग त्याला मारावं लागतं आणि त्याची रक्कम अनाथालयाला जाते. हा भाग मी मुलांना सर्वांत आधी दाखवते. सैन्याचं सगळं जग कागदावर चालतं, माणूस आधी फॉर्मवर असतो आणि नंतर हाडामांसाचा, हे एका शब्दाचंही भाषण न देता त्यात येतं.

वस्तूभोवती फिरणाऱ्या कथानकांवर फार वेळ घालवत नाही. 'अलो अलो'तलं ते एक चित्र, ज्यामागे कर्नल, गेस्टापो आणि रने सगळेच लागलेत, ज्याच्या नकला निघतात आणि जे सॉसेजमध्ये दडवलं जातं, ते ८५ भाग पुरलं. त्याचं कारण एवढंच की प्रत्येकाला ते वेगळ्या कारणासाठी हवं आहे. मात्र अशा गुंत्याला दर आठवड्याला उजळणी लागते. रने भागाच्या सुरुवातीला थेट प्रेक्षकाशी बोलतो आणि आपण आत्ता या विचित्र अवस्थेत का आहोत ते सांगतो. वाहिनीवाले 'मागील भागात' लावा म्हणतात त्याऐवजी असा पात्राच्या तोंडचा रिकॅप लिहा. तो स्वतःच विनोद होतो.

टंचाई आणि देवघेव मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. 'मॅश'च्या एका भागात हॉकायला फक्त नवे बूट हवे असतात. पुरवठा सार्जंटचा दात दुखतोय, दंतवैद्याला दुसरंच काही हवंय, त्या दुसऱ्याला तिसरं. मदतीची साखळी लांबत जाते आणि एका कडीपाशी सगळी कोसळते. युद्धकाळात पैशाने काही मिळत नाही, ओळखीने मिळतं, आणि प्रत्येक ओळखीला मोबदला लागतो. 'डॅड्स आर्मी'तला काळाबाजारवाला वॉकर याच टंचाईवर जगतो. तुमच्या चाळीत रेशनची साखर आहे, रॉकेल आहे, काळा कागद आहे. एका खिडकीपुरता काळा कागद मिळवण्यासाठी तीन मजले आणि दोन जुनी भांडणं पार करावी लागली, तर तुमचा एक पूर्ण भाग झाला.

'डॅड्स आर्मी' तुम्ही सगळ्यांत जास्त अभ्यासावी असं मला वाटतं, कारण ती नागरिकांची मालिका आहे. १९६८ ते १९७७, ८० भाग, वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाचं काल्पनिक किनारी गाव. मे १९४०मध्ये युद्धमंत्री अँथनी ईडन यांच्या रेडिओवरच्या आवाहनानंतर ब्रिटनमध्ये जी नागरी संरक्षक दलं, म्हणजे होमगार्ड, उभी राहिली, त्यांतलंच हे एक म्हाताऱ्या-पोरांचं पथक. बीबीसीतल्या काहींना धाकधूक होती की लोकांना होमगार्डची टिंगल वाटेल. तसं झालं नाही, आणि त्यामागे कलावंतांचा मोठा वाटा आहे. गॉडफ्री झालेले अर्नल्ड रिडली पहिल्या महायुद्धात सोम नदीवर जखमी झालेले. म्हातारा जोन्स झालेले क्लाइव्ह डन दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कैदी. लढाई काय असते ते ठाऊक असलेली माणसं लढाईच्या तयारीचा गोंधळ रंगवत होती, म्हणून त्या गोंधळात तुच्छता नाही.

इथली मध्यवर्ती युक्ती म्हणजे न फुटणारा बॉम्ब. १९६९च्या एका भागात बँकेच्या तिजोरीघरात बॉम्ब पडतो आणि बँकेचा मॅनेजर कॅप्टन मॅनरिंग व त्याचा हेडक्लार्क सार्जंट विल्सन तो हातांत धरून बसतात. हलता येत नाही, उठता येत नाही. दोन माणसांना इतकं जवळ आणि इतकं स्थिर बसवलं की ते बोलतात, आणि एरवी साहेब आणि हाताखालचा माणूस जे बोलणार नाहीत ते बोलतात. बॉम्बचं काम फुटणं नाहीच. माणसांना जागेवर खिळवणं हे त्याचं काम. १९७३च्या पाणबुडीच्या कॅप्टनच्या भागात हीच युक्ती दोन पायऱ्यांची आहे. पकडलेला जर्मन कॅप्टन डाव उलटवतो आणि जोन्सच्या कपड्यांत हातबॉम्ब खोचून पथकाला वेठीस धरतो. आपण श्वास रोखून बसतो, आणि नंतर कळतं की विल्सनने आधीच त्या बॉम्बमध्ये खोटे डिटोनेटर घातले होते. खरे घालायला हवेत यावरून दोघांत आधी वाद झालेला आहे. म्हणजे सुटका आकाशातून पडत नाही. ती विल्सनच्या स्वभावातून येते, आणि मॅनरिंगला ती मान्य करावी लागते.

त्याच भागात जर्मन कॅप्टन सूडासाठी नावांची यादी करतो आणि पोरगेल्या पाइकचं नाव विचारतो. मॅनरिंग घाईने ओरडतो, 'सांगू नकोस त्याला, पाइक!' ब्रिटिश टीव्हीतला हा बहुधा सर्वांत जास्त आठवला जाणारा विनोद. तो चालतो कारण मॅनरिंग खरोखर त्या पोराला वाचवू पाहतोय. स्वभाव काढून घ्या, नुसती जीभ घसरणं उरेल, आणि त्यावर कोणी पन्नास वर्षं हसत नाही.

कॅलेंडरचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुम्हाला छळणार आहे. कोरियातलं युद्ध जून १९५० ते जुलै १९५३, तीन वर्षांचं. 'मॅश' अकरा वर्षं चालली. 'होगन्स हीरोज'च्या छावणीत बहुतेक वेळा हिवाळाच. या मालिकांनी काळ गोठवला आणि प्रेक्षकाने तो गोठू दिला. तुमचं युद्ध ३ डिसेंबरला सुरू होऊन १६ डिसेंबरला संपतं आणि प्रत्येक मराठी घरात कोणाला तरी ते आठवतं. इथे काळ गोठवून चालणार नाही. एक भाग म्हणजे एक रात्र असं धरा. १९७९च्या 'मॅश'च्या एका भागात पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू ठेवून एका जखमी सैनिकासाठी उरलेली मिनिटं दाखवली होती. वेळ कमी असणं हीच तिथे कथा झाली. भोंगा वाजल्यापासून 'ऑल क्लिअर'पर्यंत एवढ्या वेळात एक भाग बसवायला शिकलात तर वाहिनीला हवं तेवढं ताणण्याचा मोहही टळेल.

आता तुमच्या चाळीला ती सामाईक भीती कुठून आणायची? तुमच्याकडे रशियन आघाडी नाही. पण नागरी संरक्षणाचा वॉर्डन आहे, जो खालून 'दिवा बंद करा' म्हणून ओरडतो. 'डॅड्स आर्मी'तला वॉर्डन हॉजेसही हेच करतो, पण तो पथकाचा नुसता प्रतिस्पर्धी आहे. तुमचा वॉर्डन चाळीतलाच ठेवा. त्याच्या स्वतःच्या घरात रात्री दिवा लागल्याशिवाय चालत नाही असं एक कारण द्या: दम्याची आई, मॅट्रिकचा मुलगा, काहीही. म्हणजे बिऱ्हाडकरूंचं गुपित त्याच्याकडे आणि त्याचं त्यांच्याकडे. वरून तपासणीला येणारा अधिकारी दोघांनाही नको. क्लिंक आणि होगन तुमच्या जिन्यात उभे राहतील. मुंबई प्रांतात होमगार्ड १९४६मध्येच सुरू झालं होतं, तेव्हा गणवेश, शिट्टी आणि कवायतीची हौस असलेला एखादा जुना माणूस तुम्हाला उसना घ्यावा लागणार नाही.

गुप्तहेराच्या संशयाचा ट्रॅक तुम्ही घेणार हे उघड आहे; ब्लॅकआउटमध्ये टॉर्च दिसला की लोक हेर शोधत. तो घ्या, पण हसू संशय घेणाऱ्यावर पडू द्या, ज्याच्यावर संशय घेतला त्याच्यावर नको. आणि संशयिताला एका प्रसंगात तरी मनापासून चिडू द्या. देवळालीच्या मालिकेत नेमकं तेच कधी झालं नाही.

राहिला मरणाचा प्रश्न. १८ मार्च १९७५ला प्रसारित झालेल्या 'मॅश'च्या भागात कर्नल हेन्री ब्लेकची घरी जाण्याची वेळ येते. निरोप, पार्टी, मिठ्या. शेवटच्या मिनिटाला रडार नावाचा छावणीचा कारकून शस्त्रक्रियागृहात येऊन सांगतो की हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कोणी वाचलं नाही. बहुतेक कलावंतांना ते शेवटचं पान चित्रीकरणाच्या वेळीच मिळालं होतं. सुटका ही ज्या मालिकेतली सर्वांत मोठी इच्छा, तिथे सुटलेलाच माणूस मेला. आणि डॉक्टर टाके घालत राहतात, कारण टेबलावर माणूस आहे. वाहिनीच्या आग्रहाने मालिकेत हशाची ध्वनिफीत होती, पण शस्त्रक्रियागृहात ती वाजवायची नाही हे निर्मात्यांनी पक्कं धरलं होतं. तुमच्याही मालिकेत अशी एक जागा असू द्या, जिथे पार्श्वसंगीतवाला 'टॉइंग' वाजवणार नाही, आणि ते करारातच लिहून घ्या.

तुमच्या टिपणात चाळीतला एक मुलगा नौदलात आहे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. प्रेक्षकाला पहिल्या भागापासून ती तारीख जवळ येताना दिसणार आहे. तो मुलगा त्या जहाजावर आहे की नाही हे आत्ता, वन-लाइन म्हणजे कथेचा कच्चा आराखडा लिहितानाच ठरवा, आणि त्याची माणसं आजही हयात असतील असं धरून प्रत्येक ओळ तपासा. तो जाणार असेल तर ते शेवटच्या भागासाठी राखून ठेवू नका. ९ तारखेनंतर युद्ध आणखी आठवडाभर चाललं. त्या आठवड्यात चाळीला पुन्हा खिडक्यांना कागद लावायचा आहे, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं आहे, वॉर्डनशी भांडायचं आहे, आणि तुम्हाला प्रेक्षकाला पुन्हा हसवायचं आहे. ते भाग आधी लिहून पाहा. जमत नसतील तर त्या मुलाची नेमणूक किनाऱ्यावरच्या एखाद्या कचेरीत करा.